प्राणी बघायला निघालात? आधी गुराखी गाठा

जंगलाची सहल ठरवताना बहुतेक लोक आधी प्राणी ठरवतात. वाघ म्हणजे ताडोबा, सिंह म्हणजे गीर, गेंडा म्हणजे काझीरंगा. मग जिप्सीचं बुकिंग, मग हॉटेल, आणि घरी परतल्यावर शेजारी विचारणार, "मग, दिसला का?" दिसला तर सहल वसूल, नाहीतर पैसे पाण्यात. त्या प्राण्यांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं मात्र गाडीच्या काचेबाहेरून मागे निघून जातात, त्यांचं नावही कोणी विचारत नाही.

मी फलटणच्या एका शाळेत भूगोल शिकवला. आता जुने विद्यार्थी, त्यांच्या बायका, माझी एक नणंद असा छोटा गट जमवून रेल्वेने फिरते. फिरता फिरता आमची एक पद्धत बसली आहे. आम्ही प्राणी ठरवत नाही, काम ठरवतो. मेंढरं चारणं, मध काढणं, मोहफुलं वेचणं, मासे धरणं. ज्याची भाकरी त्या रानातून येते त्याला तिथला प्राणी ठाऊक असावाच लागतो. लांडगा आज कुठल्या ओढ्यात आहे हे धनगराला कळलं नाही तर सकाळी कोकरू कमी भरतं. अशा माणसाजवळ दोन दिवस बसलात तर जिप्सीतल्या दहा फेऱ्यांत कळणार नाही एवढं कळतं. प्राणी दिसतोच असं नाही. पण तो तिथे का आहे, कधी येतो, कोणाचं काय नेतो, हे समजतं.

तर काम आधी निवडा. मग ते कोणत्या महिन्यात चालतं ते शोधा. मग तिकीट काढा. हा क्रम मोडू नका, एवढीच माझी अट.

पहिली सहल घराजवळच्या माळावर

लडाख आणि सुंदरबन नंतर. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांचा पूर्वेकडचा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर, झाडं विरळ, गवत फार. सरकारी दप्तरात यातली बरीच जमीन पडीक म्हणून लागलेली आहे, आणि पडीक जमीन दिसली की कोणी ना कोणी तिथे झाडं लावायला येतोच. हौसेने येतो बिचारा. पण माळावर गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या की खाली गवत उरत नाही, आणि गवत गेलं की चिंकारा, खोकड, धाविक, पखुर्डी, चंडोल सगळ्यांचा मुक्काम उठतो. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला मला बोलावलं तर मी आधी विचारते, कुठे? माळावर असेल तर जात नाही. वाईटपणा येतो, येऊ दे.

पहिल्यांदा जाणाऱ्याने इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी किंवा बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ गाठावं. वनविभागाने तिथे गवताळ रानाची सफारी सुरू केली आहे, ऑनलाइन बुकिंग होतं आणि स्थानिक गाइड बरोबर येतो. सकाळी ती सफारी करा. चिंकारा बहुतेक दिसतो. मग दुपार धनगराच्या वाड्यासाठी, म्हणजे मेंढरांसह फिरणाऱ्या त्याच्या बिऱ्हाडासाठी, ठेवा.

वेळ महत्त्वाची. पावसाळ्यात मेंढरं या कोरड्या माळावर असतात, कारण कोकणातल्या चिखलात त्यांचे खूर सडतात. भाद्रपद आणि आश्विन हे तुमचे महिने. गवत गुडघ्याला लागतं, तुरे पिकायला आलेले असतात. दिवाळी झाली की वाडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून पश्चिमेला, मावळाकडे, कोकणाकडे उतरायला लागतात. वाटेत कोणाच्या रानात मेंढरं बसवतात, आणि लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा रोख देतो. डिसेंबरात माळावर जाऊन "इथे धनगर कुठे दिसत नाहीत" म्हणणारे मला भेटलेले आहेत. दिसतील कसे? ते तेव्हा तुमच्या पुण्याजवळच्या शेतात बसलेले असतात.

वाड्यावर जायची रीत अशी. सरळ चालत जाऊ नका. धनगरी कुत्री लांडग्यासाठी पाळलेली असतात आणि अनोळखी माणसात व लांडग्यात फार फरक करत नाहीत. लांबून हाक द्या, "राम राम बाबा, येऊ का?" कोणी हात करेपर्यंत जागचे हलू नका. कुत्रं अंगावर आलंच तर पळू नका, दगड उचलू नका, उभे राहा. आत गेल्यावर मेंढरांच्या मधून वाट काढायची नाही, कडेने जायचं. बसायला घोंगडं टाकलं तर त्यावर बसा, रुमाल झटकून वगैरे बसू नका.

मेंढरं किती, हा प्रश्न विचारायचा नाही. पहिल्या भेटीत कोणी तुम्हाला बँकेत शिल्लक किती विचारावं, तसलं आहे ते. पाणी कसंय यंदा, पाला कुठे मिळतो, कोकरं धरली का, इथून सुरुवात करा. लांडग्याचं नाव तुम्ही काढायची गरज पडत नाही. "रात्री राखणीला कोण असतं?" एवढं विचारलं की तो आपोआप येतो. मग ऐका. तो कळपाच्या शेपटाकडून येतो, दिवस कलताना येतो, एक जण समोर दिसत राहतो आणि दुसरा बाजूने कोकरू उचलतो. रात्री मेंढरं वाघरीत कोंडतात, म्हणजे दोराच्या जाळीच्या वेढ्यात, आणि कोकरं आणखी आत. माझ्या ओळखीचे एक म्हातारे मेंढपाळ आहेत. लांडगा राहावा की जावा, असं आमच्यातल्या एका उत्साही पोराने त्यांना थेट विचारलं. ते म्हणाले, "राहू दे की. आमच्या आधीपासनं हाय. पण कोकरू गेलं तर सरकारनं पैसं द्यावं, आन् ते मी जिथं आसंन तिथं द्यावं."

त्यांचं दुसरं वाक्य नीट समजून घ्या. जनावर मारलं गेलं तर वनखातं भरपाई देतं. पण ठरलेल्या मुदतीत कळवावं लागतं, पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवता येत नाही, कागद लागतात, बँक खातं लागतं. रोज मुक्काम हलवणाऱ्या माणसाने वनरक्षकाची वाट बघत बसायचं की बाकीची मेंढरं चाऱ्याला न्यायची? तुमच्या फोनमध्ये जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाचा नंबर असेल आणि तुम्ही तिथे असताना असं काही घडलं, तर फोन लावून द्या, पंचनाम्याला हजर राहा. त्या घरी तुम्हाला पुन्हा कधीही जेवायला मिळेल.

एक मनाई आहे आणि ती पक्की आहे. हिवाळ्यात लांडग्यांची पिल्लं असतात. बीळ दाखवतो असं कोणी म्हणालं तरी जायचं नाही. मादी बिथरली की पिल्लं तोंडात धरून हलवते, आणि त्या हलवाहलवीत ती दगावतात. फोटो काढलाच तर फोनमधलं लोकेशन बंद करा आणि गावाचं नाव कुठे लिहू नका.

बाकीचं वर्ष

माळ झाला की पुढचा प्रवास पंचांग बघून ठरवा. ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर मध्य हा नागालँडच्या वोखा जिल्ह्यातल्या पांगती गावाचा काळ. दोयांग धरणाच्या जलाशयाभोवती तेव्हा अमूर ससाणे उतरतात. सैबेरिया आणि उत्तर चीनकडून येऊन दक्षिण आफ्रिकेकडे निघालेला हा कबुतराएवढा पक्षी इथे उडत्या वाळव्या खाऊन अंगावर चरबी चढवतो, आणि मग भारत ओलांडून अरबी समुद्रावरून न थांबता सोमालियाच्या किनाऱ्याला लागतो. वाटेत महाराष्ट्राच्या डोक्यावरूनही जातो, आपल्याला पत्ता नसतो.

२०१२ साली इथे एकाच हंगामात लाखाच्या वर ससाणे मारले गेल्याचा अंदाज होता. धरणात मासेमारीला वापरायची तीच जाळी ससाण्यांच्या वाटेवर टांगायचे. पुढच्या वर्षी, २०१३ ला, गावसभेने बंदी घातली आणि ती पाळली. त्याच वर्षी उपग्रहाचा टॅग लावलेल्या तीन ससाण्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. सगळेजण ही गोष्ट "शिकारी सुधारले" अशी सांगतात. मला ती तशी सांगवत नाही. धरणात लोकांची शेतजमीन बुडाली होती, ससाण्याचे पैसे घरखर्चाला लागत होते, आणि ते पैसे त्यांनी एका बैठकीत सोडले. म्हणून तिथे गेलात तर गावातच राहा, गावाची फी घासाघीस न करता भरा. वोख्यातल्या हॉटेलात राहून पहाटे गाडीने जाऊन परत आलात तर त्यांच्या पदरात काय पडलं? नागालँडसाठी इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना, लागतं, ते घरूनच ऑनलाइन काढा. ससाणे पहाटे उजाडायच्या आत झाडांवरून उठतात, म्हणून चार वाजता तयार राहायचं. तिकडे सूर्य आपल्यापेक्षा फार लवकर उगवतो, हे भूगोलाच्या बाईंनी सांगायलाच हवं.

डिसेंबर-जानेवारीत राजस्थानातलं खीचन. फलोदीपासून चार-पाच किलोमीटर. कांड्या करकोचे हजारोंनी येतात आणि गाव त्यांना सकाळी दाणे घालतं. १९७० च्या दशकापासून ही रीत चालू आहे. दाणे टाकायची जागा कुंपणाने बंद आहे, आत जायचं नाही. आजूबाजूच्या घरांच्या गच्चीवरून बघायचं, आणि गच्ची कोणाची तरी असते हे विसरायचं नाही. दाण्यांसाठी गावात देणगी घेतात, ती द्या. विजेच्या तारांना आपटून पक्षी मरतात त्याबद्दल विचारा, गावकरी तासभर बोलतील.

त्याच थंडीत कच्छच्या बन्नी या गवताळ रानातही जाता येतं. तिथल्या म्हशी रात्री चरायला जातात आणि पहाटे आपापल्या परत येतात. मालधाऱ्यांच्या, म्हणजे तिथल्या गुराख्यांच्या, घरी मुक्काम असेल तर दुपारी झोपा काढा, खरी बन्नी अंधारात चालते.

लडाखबद्दल थोडक्यातच सांगते, कारण माझे गुडघे आता तिथे जायला नाही म्हणतात. हिमबिबट्यासाठी जानेवारी ते मार्च. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत भारतात ७१८ हिमबिबटे धरले आहेत, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. विमानाने उतरल्यावर दोन दिवस नुसतं पडून राहायचं, पाणी प्यायचं, जिना चढायचा नाही. मग रुंबाक किंवा उल्लेसारख्या गावात घरगुती मुक्काम. तिथे गेल्यावर मालकिणीला शेळ्या-मेंढ्यांचा गोठा दाखवायला सांगा. वरून जाळी आणि घट्ट बसणारं दार आहे का बघा. गोठ्यात शिरलेला हिमबिबट्या एकावर थांबत नाही, एका रात्रीत घरची सगळी मेंढरं संपवू शकतो, आणि मग पूर्वी लोक त्याला मारायचे. जाळी, दार आणि पाहुण्यांचे पैसे या तिन्हींनी ते बरंच थांबलं. दुर्बिणीतून तो दिसण्याआधी हे बघितलेलं बरं.

मार्चमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास, मुलांना घेऊन. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं फेब्रुवारी अखेरीपासून समुद्रात सोडतात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन हे काम उभं केलं. पूर्वी हीच अंडी खायला आणि विकायला जायची. मुलांना एक गोष्ट सांगा. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असं धरून चालणाऱ्यांना तिने गप्प केलं. जेवण गावातल्या घरी घ्या. सकाळी पिल्लं नाही निघाली म्हणून तिथल्या पोरांवर ओरडू नका. मी हे बघितलंय, म्हणून सांगते.

सुंदरबन: पाण्याचं वेळापत्रक

इथे माझ्या नियमाला एक मुरड पडते. मध काढायचा हंगाम एप्रिलपासून सुरू होतो. पण त्या महिन्यात मौल, म्हणजे मध काढणारे, जंगलात असतात. तुम्हाला त्यांच्याबरोबर जाता येत नाही, आणि जाऊही नये. शिवाय चैत्र-वैशाखात तिथे वादळं. आयला २५ मे २००९ चं, अम्फान २० मे २०२० चं, यास २६ मे २०२१ चं. म्हणून ते घरी असतात तेव्हा जा, थंडीत, शक्यतो संक्रांतीला. पौष संपताना गावोगाव बोनबीबीची पूजा असते, तिच्या कथेचे खेळ होतात.

बोनबीबी ही जंगलाची रक्षक देवी. हिंदू आणि मुसलमान दोघेही जंगलात शिरण्याआधी तिच्यापुढे हात जोडतात. लोभी माणसाने मधाच्या बदल्यात दुखे नावाच्या गरीब पोराला वाघरूपी दक्षिणरायच्या तोंडी सोडलं आणि बोनबीबीने त्याला वाचवलं, ही ती कथा. खेळ बंगालीत असतो, पण तमाशाची सवय असलेल्या आमच्या गटाला एक शब्दही अडला नाही.

जायचं असं: पुण्याहून आझाद हिंद किंवा मुंबईहून गीतांजली एक्स्प्रेसने हावडा, सियालदहवरून लोकलने कॅनिंग, तिथून रस्त्याने गोदखाली, आणि पुढे होडी. संक्रांतीच्या आसपास गंगासागरच्या यात्रेमुळे सियालदहला पाय ठेवायला जागा नसते, सामान कमी न्या. जंगलात फिरायला वनखात्याचा परवाना आणि परवानाधारक गाइड लागतो. होडीतून फक्त टेहळणी मनोऱ्यांवर उतरता येतं, सजनेखाली, सुधन्यखाली, दोबांकी अशा ठिकाणी. बाकी कुठे पाय ठेवायचा नाही.

आता वेळापत्रक. इथे घड्याळ कामाचं नाही, भरती-ओहोटी कामाची. साधारण सहा तास पाणी चढतं, सहा तास उतरतं, आणि रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. बोटवाल्याला आदल्या रात्रीच विचारा, "दादा, उद्या ओहोटी किती वाजता लागते?" ओहोटीत चिखलाचे काठ उघडे पडतात. मग मगरी उन्हाला येतात, चिखलातले मासे उड्या मारतात, नर खेकडे एकच मोठा लाल नांगा हलवत बसतात, आणि वाघ रात्री खाडी ओलांडून गेला असेल तर त्याची पावलं चिखलात कोरून ठेवलेली दिसतात. भरतीत गेलात तर पाणी आणि पानं, बस. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग, हे त्याला पाठ असतं. देशावरच्यांनी मात्र डायरीत लिहून घ्यावं.

त्याच ओहोटीत काठाकाठाने कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढत चालणाऱ्या बाया दिसतील. कोळंबीची बारीक पिल्लं धरतात आणि मत्स्यतळ्यांना विकतात. पाण्यात मगर आहे हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. फोटो काढू नका, निदान विचारल्याशिवाय नको.

वाघाबद्दल बोलायचं तर पुरुषांशी नाही, होडी दुरुस्त करणाऱ्यांशी नाही, घरात मध गाळणाऱ्या किंवा जाळं विणणाऱ्या माशीशी, म्हणजे बंगालीत मावशीशी, बोला. वाघ मागून येतो म्हणून १९८० च्या दशकात मौलांना डोक्यामागे लावायला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे दिले होते. ते काही दिवस चालले, मग वाघाला कळलं. आता जंगलाच्या काठाने नायलॉनची जाळी ताणली आहे, ती वाघाला गावात यायला अडवते, माणसाला जंगलात जायला अडवत नाही. सर्वांत जास्त धोका खेकडे धरणाऱ्यांना, कारण ते दोघं-तिघंच अरुंद खाडीत जातात. आणि मनाई असलेल्या भागात किंवा परवान्याशिवाय गेलेला माणूस गेला तर भरपाई मिळवणं महाकठीण, म्हणून कित्येक घरं मृत्यूबद्दल गप्प राहतात. त्यामुळे "तुमच्या घरात कोणाला वाघाने नेलं का?" हा प्रश्न जिभेवर आला तरी गिळा. तो त्या बाईला कायद्याच्या अडचणीत टाकणारा प्रश्न आहे, आणि तुम्हाला त्याचं उत्तर घेऊन काय करायचंय? मध विकत घ्या. चाखून घ्या. खळशी, म्हणजे तिथल्या खारफुटीच्या फुलांचा, पातळ आणि जरा आंबूस असतो. घट्ट नाही म्हणून भेसळ आहे असं समजू नका.

विदर्भात, मोह पडताना

चंद्रपूर-गडचिरोलीकडे मार्च-एप्रिलात मोहफुलं पडतात. पहाटे झाडाखाली टोपली घेऊन अख्खं घर हजर. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा झाडतात, कधी जाळतात, आणि तो वणवा होऊन पसरतो हे खरं आहे. पण त्या कुटुंबाचे वर्षाचे कपडेलत्ते त्या टोपलीत असतात हेही खरं आहे. मे महिन्यात तेंदूपानं. दोन्ही कामं वाकून, बसून करायची, आणि बसलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या पानांच्या विड्या तुमच्या-माझ्या गावच्या टपरीवर मिळतात.

म्हणून इथे वेगळी शिस्त. ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याबाहेरच्या पट्ट्यातल्या, गावात राहा. घरच्यांनी आपणहून बोलावलं तर गावाला लागून असलेल्या मोहाखाली जा, पुरतं उजाडल्यावर, त्यांच्याबरोबर, मोठ्याने बोलत. फुलं वेचायला बसू नका, उभे राहून चारी बाजूंना नजर ठेवा, तेवढीच मदत. तेंदूच्या हंगामात बरोबर जायचंच नाही. तुमच्यामुळे त्यांचं लक्ष विचलित होतं. त्यापेक्षा संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडके मोजतात तिथे, जाऊन बसा. दिवसभर कोण कुठल्या रानात गेलं, कुठे वाघाचा वास आला, कुठून माघारी फिरले, सगळा वृत्तांत तिथे मिळतो.

रस्त्यावर

गाडी तुमची असेल तर थोडं कान देऊन वाचा. तमिळनाडूत अळियारहून वाल्पाराईला चढताना चाळीस आकडी वळणं आहेत, आणि वर चहाच्या मळ्यांत हत्ती. तिथे काही नाक्यांवर खांबाला लाल दिवा दिसेल. जवळपास हत्ती असले की गावातलाच कोणीतरी मोबाइलवरून तो पेटवतो, आणि मळ्यातल्या मजुरांच्या फोनवर निरोपही जातो. दिवा पेटलेला दिसला तर थांबा. पुढे जाऊन बघू या, असं तुमच्या ड्रायव्हरने म्हटलं तर ड्रायव्हर बदला. काझीरंगात पुराच्या दिवसांत प्राणी महामार्ग ओलांडून कार्बी टेकड्यांकडे जातात, तेव्हा गाड्यांना वेळ लिहिलेलं कार्ड देतात. ठरल्यापेक्षा आधी पुढच्या नाक्याला पोचलात तर दंड. पूर म्हणजे नुसतं संकट नाही, त्या गाळानेच तिथलं गवत उभं राहतं, पण टेकडी गाठायला वाट लागते आणि ती वाट तुमच्या गाडीखाली असते.

सामान आणि व्यवहार

दुर्बीण एकच चालते, गटात फिरवता येते. कपडे मातकट. सुगंधी तेल, अत्तर नको, विशेषतः मधमाश्या असतील तिथे. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावा. वही हवीच. मी डाव्या पानावर प्राणी-पक्षी लिहिते आणि उजव्या पानावर त्या दिवशी कोण काय काम करत होतं ते. घरी आल्यावर उजवं पान जास्त भरलेलं असेल तर सहल बरी झाली असं समजते.

पैसे कशाचे द्यायचे ते आधी ठरवा. मुक्कामाचे, जेवणाचे, वाट दाखवल्याचे, होडीचे जरूर द्या आणि पूर्ण द्या. प्राणी दाखवल्याचे वेगळे देऊ नका. "वाघ दाखवलास तर पाचशे" असं म्हटलं की गाइड रस्ता सोडतो, पाणवठ्याजवळ गाडी आडवी घालतो, आणि दुसऱ्या दिवशी तो प्राणी ती जागा सोडतो. पोरांना चॉकलेटं वाटू नका. द्यायचंच असेल तर गावच्या शाळेच्या गुरुजींना विचारा काय हवंय. बहुतेक वेळा फुटबॉल हवा असतो.

घरगुती मुक्कामात मांसाहार-शाकाहाराबद्दल आधी फोनवर स्पष्ट बोला, ताटावर बसून नाक मुरडू नका. नागालँडमध्ये काय शिजतंय हे विचारून घ्या आणि नको असेल तर नुसता भात, डाळ, उकडलेली भाजी मागा. हसतमुखाने देतात.

माळ सोडला तर पावसाळ्यात आम्ही कुठे जात नाही. गीर १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं, ताडोबाचा गाभा आणि काझीरंगाही पावसात बंद. ते महिने फोटो छापायला वापरा. "पाठवतो हं" असं प्रत्येक पाहुणा म्हणतो आणि एकही पाठवत नाही, असं मला बन्नीपासून सुंदरबनातल्या गोसाबापर्यंत सगळीकडे ऐकायला मिळालं. निघतानाच पत्ता पिनकोडसह लिहून घ्या, कागदी फोटो काढा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्पीड पोस्टने पाठवा. धनगराला पत्ता नसतो. त्याच्या मूळ गावातल्या किराणा दुकानदाराच्या नावे पाठवा आणि पाकिटावर वाड्याच्या म्हाताऱ्याचं नाव घाला. आषाढाच्या तोंडावर वाडा परतला की तो दुकानात साखर घ्यायला येतोच.